तिच्या बदलीचं बघा

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार सरकलं आणि तिचा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला. ही लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबायची. वर्षानुवर्षं. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची स्वतःचीच लिफ्ट पायरी करून थांबते म्हणून येणारेजाणारे हसायचे, दिव्याखाली अंधार म्हणायचे आणि म्हणता म्हणता ठेचकाळायचे. जुन्या माणसांचे पाय मात्र शहाणे झालेले होते. डोक्याला न विचारता ते वेळेवर वर व्हायचे. आज तिचा पाय तसाच वर झाला, पायरी सापडली नाही, आणि तो सपाट फरशीवर असा दाणकन पडला की समोरून फायली घेऊन जाणारे दोघे थबकले. तिनं वळून खाली पाहिलं. लिफ्टचा तळ आणि मजल्याची फरशी एका रेषेत, मधली फट सुताइतकी. टाचेपासून गुडघ्यापर्यंत मुंग्या चढत गेल्या. ती जवळपास वर्षभर इथे नव्हती आणि तेवढ्यात कोणीतरी हे करून ठेवलं होतं. वेळ मिळाला की करू, असं ती स्वतः कितीदा म्हणाली असेल. जो कोणी असेल त्यानं काम मात्र चोख केलंय, हे तिला लगेच मान्य करावं लागलं. आणि मान्य करताना पोटात काहीतरी किंचित खाली सरकलं. पोटातलं तिला बारीक कळायचं. तिचा धंदाच तो होता.

ती लिफ्ट तपासणारी. नवी लिफ्ट माणसांसाठी उघडायच्या आधी शेवटचा होकार तिचा असायचा. लोखंडी वजनं भरून, रिकामी करून, वेगात सोडून, मध्येच ब्रेक लावून ती बघायची. आणि सगळं झालं की एकदा डोळे मिटून, टाचा उचलून नुसती वरखाली जायची. मीटर काय सांगायचं ते सांगो, पोट काय सांगतं ते ती ऐकायची. जरा शंका आली की तोंडातून एकच शब्द निघायचा, "थांबा." मग बाहेर इमारतीचा मालक घड्याळ दाखवत असो, नाहीतर फीत कापायला पाहुणे येऊन ताटकळलेले असोत. वर्कशॉपात तिला थांबाबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडायचं. राखीव दलातही तिचं तेच. एरवी आपापली नोकरी करायची, मधूनमधून सरावाला जायचं, आणि संकट आलं, बोलावणं आलं की वर्दी चढवायची, असं ते दल. या खेपेला नदीनं एकामागून एक पूल नेले आणि बोलावणं लांबत लांबत वर्षाच्या घरात गेलं. तिकडे तरंगते पूल जोडताना दोन तुकड्यांमधली पोलादी खीळ नीट बसली की नाही, हे बघायचं काम तिच्याकडे होतं. एकदा औषधांच्या गाड्या पलीकडे जायच्या होत्या, अधिकारी काठावर येरझाऱ्या घालत होता, आणि ती मांडीभर पाण्यात उभी राहून म्हणाली होती, "थांबा." तो म्हणाला, "हा हुकूम आहे." ती म्हणाली, "मग तो खिळीला सांगा." खीळ बदलली, गाड्या गेल्या, आणि संध्याकाळी तोच अधिकारी तिच्यासाठी स्वतः चहा घेऊन आला. कपडे बदलले तरी शब्द तोच लागतो, याची तेव्हा तिला मोठी गंमत वाटली होती. तिकडे काम, इकडे काम, मध्ये एक आगगाडीचा प्रवास, इतकं ते तिच्या मनात सरळ होतं.

चाचणी विभागाचं दार ढकललं तशी वंगणाचा आणि तापलेल्या तांब्याचा वास अंगावर आला आणि ती मनातल्या मनात घरी पोचली. खिडकीखाली तिचं टेबल. टेबलाशी एक माणूस. तिशीचा असेल, बाह्या नीट दुमडलेल्या, लिफ्टच्या दोराचा एक तुकडा दिव्याखाली फिरवत तो तुटलेल्या तारा शोधत होता. नख लावून शोधत होता, जसं शोधायला हवं तसं. तिला पाहून तो झटकन उठला आणि खुर्ची पुढे करून म्हणाला, "या ना, बसा." तिच्याच खुर्चीवर, तिलाच. त्यानं जरा उर्मटपणा केला असता तर तिला सोपं गेलं असतं, दोन शब्द सुनावता आले असते. पण इतक्या अगत्यानं कोणी आपल्याच घरात आपल्याला पाणी विचारलं तर काय करायचं? ती बसली नाही. तेवढ्यात आतून वस्ताद आले. वस्ताद म्हणजे विभागाचे मुकादम; यंत्रांच्या गोंगाटात उभा जन्म गेल्यानं एका कानानं जवळजवळ बहिरे, आणि म्हणून फोनवर कायम ओरडून आणि थोडक्यात बोलणारे. तिला हे काम त्यांनीच शिकवलेलं.

"अगं, तू इकडे कशी?"

"इकडे नाही तर कुठे जाऊ, वस्ताद?"

"गोदामात! तुझी बदली झाली ना तिकडे. मला वाटलं तूच मागून घेतलीस. म्हटलं, मला एका शब्दानं बोलली नाही पोरगी. वर्षभर राग धरून बसलोय मी तुझ्यावर."

उलगडा झाला तो आस्थापना विभागात, आणि तो ऐकून हसावं की डोक्याला हात लावावा ते तिला कळेना. तिला बोलावणं आलं तेव्हा वस्तादांनी तिच्यासमोरच फोन उचलून ओरडून सांगितलं होतं, "तिच्या बदलीचं बघा! लवकर बघा!" वस्तादांच्या तोंडी बदली म्हणजे बदली माणूस, कोणी रजेवर गेलं की त्याच्या जागी तात्पुरता उभा राहतो तो. आस्थापनेच्या बाई तेव्हा नव्याच लागलेल्या. त्यांच्या लेखी बदली म्हणजे माणूस इथून उचलून तिथे टाकणं. त्यांनी बघितलं, आणि लवकरच बघितलं. 'ध'चा 'मा'सुद्धा करावा लागला नाही. अक्षर न् अक्षर जागच्या जागी राहिलं आणि माणूस तेवढा हलला. मग इथली जागा रिकामी दिसायला लागली, आणि रिकामी दिसली म्हणून त्या जागेवर कायमचा माणूस शोधला गेला.

"एवढ्या कळकळीनं कोणी 'बघा' म्हणालं की ती मागितलेलीच असते हो बदली," आस्थापनेच्या बाई कसनुशा होत म्हणाल्या. "गोदामात तर माणूस नकोच होता. तुमच्यासाठी मी जागा करून घेतली. केवढी खटपट केली!"

ती खो खो हसली. बाईही थोडं हसल्या आणि मग त्यांनी मान खाली घातली. "साहेबांना एकदा भेटून घ्या. त्यांना वाटतंय की आता झालंय ते तसंच राहू दे. तो मुलगाही बरी नोकरी सोडून आलाय इथे." तिचं हसू ओठांवरच राहिलं. चूक होती तोवर तिला काही वाटलं नव्हतं. चुका काय, होतात आणि निस्तरता येतात. पण ही चूक कोणाला तरी सोयीची वाटायला लागली होती. दर खेपेला रजा मागणारी, दर खेपेला बोलावणं घेऊन येणारी बाई परस्पर शहराबाहेरच्या गोदामात गेली. सुंठीवाचून खोकला गेला होता, आणि आता खोकला परत दारात उभा.

साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती बसली. समोर काचेचं दार, आत साहेब फोनवर. ओठ हलताना दिसत, आवाज येत नाही. तिला भीती वाटत नव्हती. हे तिनं स्वतःला नीट तपासून पाहिलं, दोर तपासावा तसं, आणि भीतीनं तुटलेली एकही तार नखाला लागली नाही. कायदा तिला माहीत होता. छावणीत एका दुपारी जेवणानंतर एक कंटाळलेला कारकून-शिपाई राखीव दलाच्या लोकांना त्यांचे हक्क वाचून दाखवायला आला होता, आणि त्याच्या त्या एकसुरी आवाजावर अख्खी तुकडी डुलक्या घेत होती. ती जागी होती. कोणी नियम वाचत असेल तर आपण झोपायचं नाही, ही तिची जुनी खोड. सेवेला गेलेल्या माणसाची जागा परत द्यायची, तीच द्यायची, आणि तो माणूस कधी गेलाच नव्हता असं धरून द्यायची. शेवटचं वाक्य तिला इतकं आवडलं होतं की तिनं त्याला ते पुन्हा वाचायला लावलं, आणि बिचारा इतका खूश झाला की त्यानं ते दोनदा वाचलं. कधी गेलाच नव्हता असं धरून. आता या बाकावर तेच वाक्य तिच्या मनात फिरायला लागलं, आणि फिरता फिरता कुठेतरी घासायला लागलं. गेलेच नव्हते असं धरायचं ते कोणी? पाय तर मघाशीच आपटला. घरी गेली तेव्हाही तेच. सासूबाईंनी स्वयंपाकघरातले डबे असे काही फिरवून ठेवले होते की मीठ शोधता शोधता भाजी लागली. नवरा पलंगाच्या मधोमध झोपायला शिकला होता. पहिल्या दिवशी दुपारी ती आडवी झाली तर हा आधीच पसरलेला, ओशाळून म्हणाला, "अगं, सवय लागली." तिनं कोपरानं ढकललं, तो सरकला, पुन्हा झोपेत मधोमध आला, पुन्हा कोपर. घरासाठी असला कायदा कोणी केला नव्हता, आणि गरजही पडली नाही. कोपरावर भागत होतं. पण त्या दुपारी नवऱ्याच्या संथ श्वासाकडे कान देऊन पडल्यापडल्या तिला वाटून गेलं होतं, की आपण नव्हतो तेव्हाही याला झोप लागत होती. वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं. लागायलाच हवी होती. तरी वाटलं. आणि मघाशी तो बोटभर भरून निघालेला खड्डा पाहूनही नेमकं तेच वाटलं होतं, हे तिला या बाकावर कळलं. आपल्यावाचून अडलं नाही. इतकी माणसं आपल्या होकारावर लिफ्टमध्ये पाय ठेवतात, असं म्हणत ती इतकी वर्षं ताठ चालली. वर्षभर ती माणसं दुसऱ्या कोणाच्या होकारावर चढली, उतरली, घरी पोचली. कानामागून आला आणि तिखट झाला, असं ती स्वतःशी म्हणून बघत होती, पण ते खरं नव्हतं. तिखट कुठे होता तो? त्यानं खुर्ची पुढे केली होती. मग ती उठून उभी राहिली. अडलं नाही म्हणून आपली जागा सोडायची असेल तर जगात कोणालाच जागा उरणार नाही, हे तिला एकदम स्वच्छ दिसलं. जागा मिळते ती आपल्यावाचून अडतं म्हणून नव्हे. ती आपली असते म्हणून. आतून साहेबांनी हात केला.

साहेब गोड बोलणारे. त्यांनी आधी पुराची चौकशी केली, मग घरच्यांची. "पगार तोच राहील, दर्जा तोच. गोदामात शांतता आहे. एवढ्या दगदगीतून आलात तुम्ही, जरा निवांतपणा मिळेल."

"दगदग नव्हती साहेब, काम होतं. आणि मला निवांतपणा नको, माझी जागा हवी."

"जागा आहेच की. गोदामात खिडकीजवळचं टेबल द्यायला सांगतो."

"टेबल नव्हे, जागा. लिफ्ट तपासायची."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. "स्पष्ट बोलू का? तुमच्या कामाबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पण तुम्ही मध्येच उठून जाता. दर वेळी आम्ही माणूस कुठून आणायचा? असं करा, राखीव दलातून नाव काढून घ्या. मग उद्यापासून तुमचं सगळं तुमच्या हातात. त्या मुलाचं मी बघतो."

तिला ब्रेकच्या चाचणीतला तो क्षण आठवला. लिफ्ट सुटते, तळ पायाखालून निसटल्यासारखा होतो, पोट गळ्याशी येतं, आणि अजून ब्रेक लागलेला नसतो. नवी माणसं त्या क्षणी कठडा धरतात. ती कधीच धरत नसे. ब्रेक तिनं आधीच तपासलेला असायचा.

"थांबा," ती म्हणाली. "हे तुम्ही मला विचारूच शकत नाही साहेब. नोकरी देतो पण दल सोडा, असं म्हणायला कायद्यानंच बंदी आहे. तुम्ही बोललात ते मी ऐकलं नाही असं समजते. पण एकदाच."

साहेब खुर्चीत मागे रेलले आणि एकदम थकल्यासारखे दिसले. "वाचलाय मी कायदा," ते म्हणाले. "काल पुन्हा वाचला. विचारून बघायला काय जातं, म्हणून विचारलं."

"काही जात नाही. उत्तर मिळालं ना?"

"मिळालं." ते थोडंसं हसलेही. "उद्यापासून कशाला, आजपासूनच घ्या. आस्थापनेला सांगतो मी, नीट शब्दांत."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "आणि त्याचं?"

"कोणाचं?"

"माझ्या टेबलावर आहे त्याचं. त्याला गोदामात घेता येईल?"

"गोदामात माणूस नकोच होता. तुम्हाला कुठेतरी ठेवायचं म्हणून ती जागा केली." बोलून गेल्यावर साहेबांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि ते कागदांत डोकं घालत म्हणाले, "महिनाअखेरपर्यंतचा पगार देऊ त्याला. पुढचं त्याचं तो बघेल. कायद्यात त्याच्यासाठी काही नाही."

जिंकलं की अंगात एक ऊब येते, ती तिच्या अंगात होती. खोटं कशाला बोला, ती चालत होती तीसुद्धा जरा तोऱ्यात. वस्तादांना तिनं लांबूनच अंगठा दाखवला, वस्ताद ओरडले, "मग? झालं का बदलीचं?" आणि सगळं वर्कशॉप हसलं. टेबलाशी उभा होता तो एकटा हसला नाही, पण त्यानं मान हलवली, समजल्याची. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं टेबलाच्या खणातल्या आपल्या दोन वस्तू आधीच काढून पिशवीत टाकल्या होत्या, एक चष्म्याचं घर आणि एक फळ. मग म्हणाला, "चाचणीच्या मनोऱ्यात एक नवी लिफ्ट लागलीय. सकाळी मी तपासून, जुळवून पूर्ण केलीय. तुम्ही एकदा बघून घ्या, म्हणजे ताबा दिल्यासारखं होईल."

मनोरा वर्कशॉपच्या मागे, आत नुसती उंची आणि तारा. दोघं लिफ्टमध्ये उभी राहिली आणि दार लागलं. तिनं डोळे मिटले, टाचा उचलल्या. लिफ्ट निघाली ती कळलीच नाही. वर जाताना कुठेही हिसका नाही, कुठे ओढ नाही, वर थांबताना पोट जागचं हललं नाही. ती डोळे मिटून शोधत राहिली. वाईट काही सापडावं असं तिला वाटत होतं का, हे तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. काही सापडलं नाही एवढं खरं. मग अंधारात, डोळ्यांच्या मागे, छावणीतल्या त्या कारकुनाचं वाक्य पुन्हा आलं, आणि या वेळी ते दुसऱ्या बाजूनं उघडलं. ती कधी गेलीच नव्हती असं धरायचं, तर हा माणूस कधी आलाच नव्हता असं धरावं लागतं. त्या वाक्याची दुसरी बाजू तिनं दोनदा वाचून घेतली होती आणि ऐकली एकदाही नव्हती. तिनं डोळे उघडले. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, निकालाच्या दिवशी पोरं पाहतात तसा.

"आपल्या इमारतीतली लिफ्टही तुम्हीच केलीत ना? पायरी काढलीत ती?"

"हो. तुमच्या पायाला लागलं का? सगळे जुने आपटले पहिल्यांदा. वस्ताद तर पडलेच."

"छान केलीत," ती म्हणाली. "आणि हीसुद्धा. माझ्या हातून याहून चांगली झाली नसती." हे म्हणायला तिला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. "मी माझी जागा सोडणार नाही. ती माझी आहे. पण तुमचं काम मी पाहिलं, हे मी सांगेन, कोणी विचारलं तर, आणि न विचारलं तरी."

लिफ्ट खाली निघाली. त्यानं दाराकडे बघतच विचारलं.

"तुम्हाला पुन्हा बोलावतील का?"

"बोलावतील की. नदी काय एकदाच येते?"

"मग मला कळवाल? म्हणजे, मी दुसरीकडे लागलेलो असलो तरी... हे काम मला..." तो मध्येच अडखळला. आपण काय मागतोय ते त्याच्या ध्यानात आलं होतं आणि त्याचे कान लाल झाले. "पूर यावा असं नाही हो म्हणत मी. देवाशपथ."

तिला हसू फुटलं, मोठ्यानं, आणि थोड्या वेळानं त्यालाही. दोघं त्या लोखंडी डब्यात हसत खाली येत होती आणि हसता हसताच तिला भरून आलं. या शहरात आजपासून एक माणूस असा असणार, की नदीची बातमी लागली की तो कान टवकारेल; आणि मग स्वतःचीच लाज वाटून रेडिओ बंद करेल.

"कळवेन," ती म्हणाली. "घरच्यांच्या आधी."

खाली दार उघडलं. त्यानं अंगातला कंपनीचा निळा कोट काढला, झटकला, बाह्या आत घालून त्याची नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"ठेवा तुमच्याकडेच," ती म्हणाली. "परत याल तेव्हा नवा कुठे शोधत बसायचा?"